मॅरेथॉनची तयारी: तिसाव्या किलोमीटरनंतरचा हिशेब

पहिली हाफ मॅरेथॉन पार पडली की बहुतेक जण एक साधं गणित मांडतात: एकवीस झाले, आता त्याच्या दुप्पट. अंतरापुरतं ते बरोबरच आहे. पण हाफ बऱ्यापैकी दमसास आणि थोडी जिद्द यांच्या बळावर रेटून नेता येते. फुल मॅरेथॉनमध्ये साधारण तीस किलोमीटरपर्यंत तेच भांडवल पुरतं आणि मग एकाएकी पुरेनासं होतं. पाय जड होतात, वेग किलोमीटरमागे दीड-दोन मिनिटांनी कोसळतो, चिडचिड होते, आणि एरवी सहज धावतो तेवढं पाच किलोमीटरचं अंतर संपता संपत नाही. धावणाऱ्यांच्या बोलण्यात येणारी 'वॉल' ती हीच.

ती का येते हे एकदा नीट समजलं की तयारीचे निम्मे नियम पाठ करायची गरज उरत नाही, ते आपसूक निघतात. म्हणून सोळा आठवड्यांचं वेळापत्रक घटकाभर बाजूला ठेवू आणि आधी इंधनाचं बघू.

साठा किती, खर्च किती

धावताना शरीराच्या दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला, ढोबळमानाने एक किलोकॅलरी ऊर्जा लागते. हळू धावा की जोरात, या आकड्यात फार मोठा फरक पडत नाही. म्हणजे सत्तर किलो वजनाच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरसाठी सुमारे २,९५० किलोकॅलरी हव्यात.

आता साठा बघा. धावण्यासाठी शरीराला सगळ्यात सोयीचं इंधन म्हणजे ग्लायकोजेन, अर्थात साठवून ठेवलेली साखर. पोटभर जेवलेल्या, विश्रांती घेतलेल्या माणसाच्या स्नायूंत ते साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतं आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास. एका ग्रॅमला चार किलोकॅलरी धरल्या तर सगळं मिळून दोन हजार ते चोवीसशे. त्यातही एक मेख आहे: स्नायूतलं ग्लायकोजेन त्या स्नायूपुरतंच वापरता येतं. दंडातला साठा मांडीला उसना मिळत नाही. यकृतातला साठा तेवढा रक्तात उतरतो, आणि त्यावर मेंदूचाही हक्क असतो. तो आटत आला की पायांबरोबर मनही का ढेपाळतं, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

चरबीचा साठा मात्र अफाट असतो. अगदी सडपातळ माणसाच्या अंगावरही सात-आठ किलो चरबी असते, आणि किलोला सात हजारांहून जास्त किलोकॅलरी या दराने ती एकामागोमाग एक कितीतरी मॅरेथॉन पळवू शकेल. अडचण वेगाची आहे. साखर कडब्यासारखी भडकन पेटते आणि लवकर संपते. चरबी ओंडक्यासारखी, संथ पण तासन् तास. चरबीपासून मिनिटाला मिळणाऱ्या ऊर्जेला मर्यादा असते, शिवाय तेवढ्याच ऊर्जेसाठी प्राणवायू थोडा जास्त लागतो. त्यामुळे वेग वाढवला की शरीर साखरेचा वाटा वाढवतं. वेग कमी केला की चरबीचा वाटा वाढतो.

आता समजा, आपल्या सत्तर किलोवाल्या धावपटूच्या खर्चात साखरेचा वाटा ८० टक्के आहे. त्याला साखरेतून २,३६० किलोकॅलरी हव्यात. म्हणजे साठा वाटेतच संपणार. वाटा ६० टक्क्यांवर आला तर लागतील १,७७०, आणि वॉल अंतिम रेषेच्या पलीकडे सरकेल. मॅरेथॉनची तयारी म्हणजे मुख्यतः हा वाटा बदलण्याचा उद्योग. बाकीच्या गोष्टीही लागतात, पण त्यांचा क्रमांक दुसरा.

(हे अंतर शरीरशास्त्राचा विचार करून ठरवलेलं नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. १८९६च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये शर्यत सुमारे ४० किलोमीटरची होती. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ती विंडसर राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांसमोर संपवायची ठरली आणि २६ मैल ३८५ यार्ड असा विचित्र आकडा निघाला. १९२१ मध्ये तोच कायम झाला. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये कोणाला शिव्या घालायच्या, हे त्यामुळे ठरवायला सोपं जातं.)

हळू धावणं हाच मुख्य अभ्यास

साखरेचा वाटा कमी कसा करायचा? स्नायूंच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाचे सूक्ष्म घटक असतात. प्राणवायू वापरून चरबी आणि साखर यांच्यापासून ऊर्जा काढणं हे त्यांचं काम. ते जितके जास्त आणि जितके कार्यक्षम, तितकी चरबी जास्त वेगातही वापरता येते. १९६७ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन हॉलोझी यांनी उंदरांना सुमारे तीन महिने ट्रेडमिलवर पळवलं आणि त्यांच्या पायांच्या स्नायूंची प्राणवायू वापरण्याची क्षमता जवळपास दुप्पट झाल्याचं दाखवलं. माणसातही दिशा तीच असते. सोबत स्नायूंभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, रक्ताचं प्रमाण वाढतं, आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं.

या बदलांपैकी बरेचसे हळू धावण्यानेही होतात. जोरात धावण्याने काही बदल लवकर होतात हे खरं, पण त्याची किंमत मोठी असते: पुढचे दोन-तीन दिवस पाय आंबलेले, झोप बिघडलेली, दुखापतीचा धोका वाढलेला. हळू धावणं स्वस्त पडतं, म्हणून ते आठवड्यात अनेकदा करता येतं, आणि महिनोन् महिने साचत गेलेले तासच इथे कामाला येतात.

ही गोष्ट मोठ्या मंचावर ज्याने दाखवून दिली तो प्रशिक्षक म्हणजे न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड. बुटांच्या कारखान्यात काम करणारा हा गृहस्थ आधी स्वतःवरच प्रयोग करत राहिला, आणि मग आजूबाजूच्या तरुणांना आठवड्याला शंभर मैल धावायला लावू लागला. त्यांत ८०० मीटर धावणारेही होते. दोन मिनिटांच्याही आत संपणाऱ्या शर्यतीसाठी रविवारी पस्तीस किलोमीटर डोंगरवाटेवर धावायचं, हे ऐकून लोक हसले असतील तर नवल नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हालबर्गने ५,००० मीटरचं सुवर्णपदक एकाच दिवशी घेतलं, आणि बॅरी मॅगीने मॅरेथॉनमध्ये कांस्य. पुढे स्टीफन सायलर या अभ्यासकाने अव्वल दर्जाच्या दमसासाच्या खेळाडूंच्या नोंदी तपासल्या तेव्हाही असंच दिसलं: साधारण ८० टक्के सराव सोप्या गतीचा, २० टक्के कठीण.

हौशी धावणाऱ्याने यातले शंभर मैल उचलायचे नाहीत, प्रमाण उचलायचं. आणि नेमकी उलटी गोष्ट घडताना दिसते. ज्याच्याकडे आठवड्याला चारच दिवस आहेत, तो चारही दिवस जरा दमछाक होईल अशा गतीने धावतो. खूप जोरात नाही, पण हळूही नाही. असा सराव चरबीचं यंत्र घडवायला फार महाग आणि खरा वेग वाढवायला फार सौम्य. मनगटावरचं घड्याळ आणि ॲपवर दिसणारा सरासरी पेस (एका किलोमीटरला लागलेला वेळ) यांनी हा रोग वाढवलाय, असं माझं मत आहे. हळू धावलेला दिवस चारचौघांना दाखवावासा वाटत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र.

हळू म्हणजे किती? शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतपत. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. हृदयाच्या ठोक्यांवरून ठरवायचं असेल तर '२२० वजा वय' या सूत्रावर फार विसंबू नका. ती मोठ्या गटाची सरासरी आहे, आणि एखाद्या माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकू शकते. सुरुवातीला बोलता येण्याची कसोटी पाळायची तर चढावर चालावंही लागेल. चाला. एक-दोन महिन्यांत त्याच श्वासात वेग आपोआप वाढलेला दिसतो. तो दिसला की समजावं, यंत्र घडतंय.

आठवडा कसा दिसतो

आठवड्याला पंचवीस-तीस किलोमीटर कुठलीही कुरकुर न होता धावता येत असेल, तर तिथून पुढे सोळा ते वीस आठवडे पुरतात. तेवढा पाया नसेल तर आधी तो घाला, मॅरेथॉन पुढच्या वर्षी. छातीत दुखणं, चक्कर येणं, घरात हृदयविकाराचा इतिहास असं काही असेल तर आधी डॉक्टर.

चार दिवस धावणाऱ्याचा आठवडा साधारण असा: एक लाँग रन (आठवड्यातली सगळ्यात लांब, संथ धाव), एक जरा वेगाचा दिवस, दोन सोपे दिवस. उरलेल्यांपैकी दोन दिवस वीस-पंचवीस मिनिटं ताकदीचे व्यायाम. पोटऱ्या, मांड्या, नितंब, एका पायावर तोल. यात फॅन्सी काही लागत नाही आणि कंटाळा येतो म्हणूनच लोक टाळतात. वेगाच्या दिवशी टेम्पो करा, म्हणजे 'कठीण पण ताब्यात' अशा गतीने वीस ते चाळीस मिनिटं. शर्यत जवळ आली की त्याऐवजी मॅरेथॉनच्या ठरवलेल्या पेसने काही किलोमीटर. सर्वोत्तम बूट कोणते हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर सगळ्यात छोटं आहे: पायाला सोयीचे, आणि शर्यतीआधी काही लाँग रन केलेले.

लाँग रन चौदा-सोळा किलोमीटरपासून सुरू करून आठवड्याला दोन-एक किलोमीटरने वाढवतात, आणि दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करतात. बहुतेक वेळापत्रकं तीस-बत्तीसला थांबतात. सरावात पूर्ण बेचाळीस का नाही? कारण शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये शरीराची जी मोडतोड होते ती भरून यायला इतके दिवस लागतात, की पुढचे दोन-तीन आठवडे वाया जातात. आणि शरीराला किलोमीटर मोजता येत नाहीत, त्याला वेळ कळतो. बत्तीस किलोमीटरला एखाद्याला पावणेतीन तास लागतात, दुसऱ्याला साडेचार. साडेचार तासवाल्याने हट्टाने बत्तीस करण्यापेक्षा साडेतीन तासांच्या आत थांबावं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तासभर सोपं धावावं. थकलेल्या पायांची सवय तशीही होते.

ती सवय हवीच, कारण वॉलमधला काही भाग इंधनाचा नसतो. मॅरेथॉनमध्ये चाळीस हजारांच्या घरात पावलं पडतात, आणि प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलतो. त्यात तंतू तुटत जातात. हे सोसण्याची क्षमता पुस्तक वाचून किंवा सायकल चालवून येत नाही.

हाडांचं घड्याळ वेगळं

सरावाला लागल्यावर दोन आठवड्यांत रक्ताचं प्रमाण वाढायला लागतं, दोन महिन्यांत दमसासात फरक कळतो. स्नायुबंध आणि हाडं मात्र आपल्याच चालीने चालतात, आणि त्यांना महिने लागतात. नव्या धावणाऱ्याची खरी फसगत इथे होते: छाती म्हणते अजून पळ, आणि नडगी अजून तयार नसते.

हाडाची रीत तर आणखी उफराटी. नवा ताण आला की ते आधी जुना भाग कुरतडून काढतं आणि मग तिथे नवं, मजबूत हाड भरतं. मधल्या काळात, काही आठवडे, ती जागा आधीपेक्षा कमकुवत असते. म्हणून अंतर एकदम वाढवलं तर दुखणं त्याच आठवड्यात येईलच असं नाही. सगळं ठीक चाललंय असं वाटत असताना, महिनाभराने, नडगीत किंवा पावलाच्या हाडात बारीक तडा जातो.

'आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका' हा नियम तुमच्या कानावर येईलच. तो ढोबळ नियम आहे, निसर्गनियम नाही. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत (२००८) नवख्या धावणाऱ्यांच्या दोन गटांपैकी एकाला दहा टक्क्यांच्या धोरणाने हळूहळू वाढवत नेलं, दुसऱ्याला त्याहून झपाट्याने. दोन्ही गटांत दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच, पाचातल्या एकाला, असं निघालं. टक्केवारीपेक्षा दुखण्याची भाषा ओळखणं जास्त उपयोगी. दोन्ही पाय सारखे दुखतायत, धावायला लागल्यावर मोकळे होतात, तर तो सरावाचा शीण. एकाच पायात, बोट ठेवून दाखवता येईल अशा एका बिंदूवर दुखतंय, धावताना वाढतंय, चाल लंगडतेय, तर त्या दिवशी थांबायचं. हाडावरचा असा बिंदू असेल तर डॉक्टरांकडे जायचं, आणि व्हिडिओ बघून टेप लावायची नाही.

टाकी भरण्याच्या दोन वेळा

१९६६ मध्ये बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या स्वीडिश संशोधकांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. प्रत्येकाने एकाच पायाने सायकल मारली, पाय पार गळून जाईपर्यंत. दुसरा पाय स्वस्थ. मग तीन दिवस भरपूर पिष्टमय आहार. स्नायूचे बारीक नमुने काढून पाहिलं, तर दमवलेल्या पायात ग्लायकोजेन दुसऱ्या पायाच्या जवळपास दुप्पट साठलं होतं. शर्यतीआधीच्या 'कार्ब लोडिंग'चं मूळ इथे आहे. नंतरच्या संशोधनातून कळलं की आधी टाकी मुद्दाम रिकामी करायची गरज नाही. शर्यतीआधीचे दीड-दोन दिवस सराव जवळपास बंद, आणि ताटात पिष्टमय पदार्थ जास्त, तेल-तूप आणि चोथा कमी, एवढं पुरतं. वजन किलो-दीड किलोने वाढेल. घाबरू नका, प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं.

दुसरी वेळ म्हणजे धावताना. तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर, जेल (पुडीतला साखरेचा दाट पाक) किंवा पेयातून. पोटाला याची सवय लावावी लागते, म्हणून जे शर्यतीत घ्यायचं तेच लाँग रनमध्ये घ्या. पहिलं जेल चाळीस-पन्नास मिनिटांनी. भूक लागल्यावर किंवा गळून गेल्यावर घेतलेल्या जेलचा उपयोग फार उशिरा होतो.

पाण्याच्या बाबतीत भीती दोन्हीकडून आहे, आणि बोललं जातं एकाच बाजूबद्दल. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये अंतिम रेषेवर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा सुमारे १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालेलं आढळलं. मुख्य कारण वाटेत गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं. शर्यतीत वजन वाढलेल्यांना धोका सर्वाधिक. असं सोडियम फार खाली गेलं तर मेंदूला सूज येते आणि जीवही जाऊ शकतो. चार-साडेचार तास धावणाऱ्याला प्यायला वेळही भरपूर मिळतो, म्हणून हा धोका अव्वल धावपटूंपेक्षा आपल्यासारख्यांना जास्त. तहान लागेल तसं प्या. दिसेल त्या टेबलापाशी रिचवू नका. आणि शर्यतीच्या सकाळी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी 'आधीच' घेऊन ठेवण्याची पद्धत सोडा. आधीच ताणावर असलेल्या मूत्रपिंडांना तिचा त्रास होतो.

शेवटचे आठवडे आणि पहिले दहा किलोमीटर

शर्यतीआधीच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर निम्म्याच्या आसपास आणतात, पण थोडा वेग ठेवतात. हा टेपर. या काळात पाय अस्वस्थ होतात, कुठेही नसलेली दुखणी जाणवतात, आणि 'एक शेवटचा लाँग रन' करायची हुक्की येते. आता केलेल्या सरावाचं फळ शर्यतीच्या दिवसापर्यंत पिकत नाही, थकवा मात्र पोचतो.

वेळेचं लक्ष्य ठरवायला पीट रीगल या अमेरिकी अभियंत्याचं सूत्र बरं आहे. त्यानुसार अंतर दुप्पट झालं की वेळ सुमारे २.०८५ पट होते. दोन तासांत हाफ करणाऱ्याची फुल ४ तास १० मिनिटांची, आणि चार तासांच्या आत यायचं तर हाफ १ तास ५५ मिनिटांत यायला हवी. आठवड्याला चाळीस-पन्नास किलोमीटरच धावणाऱ्यांना हे सूत्र झुकतं माप देतं, तेव्हा वर दहा-पंधरा मिनिटं धरा. दिवस गरम निघाला तर आणखी धरा. उन्हात रक्ताला कातडी थंड ठेवायची आणि स्नायूंना प्राणवायू पुरवायचा अशी दोन्ही कामं एकदम करावी लागतात, तिथे इच्छाशक्तीचा काही इलाज चालत नाही.

आणि मग सुरुवात. टेपरने ताजे झालेले पाय, गर्दी, टाळ्या. ठरवलेला पेस हास्यास्पद हळू वाटतो. समजा पेस किलोमीटरला सहा मिनिटांचा आहे आणि तुम्ही पहिले वीस किलोमीटर दहा-दहा सेकंद लवकर काढले. कमाई झाली दोनशे सेकंद, म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद. साखरेचा वाटा मात्र वाढला, आणि पस्तिसाव्या किलोमीटरला चालायची वेळ आली. थकलेल्या माणसाला चालत एक किलोमीटर काढायला दहा-अकरा मिनिटं लागतात. वीस किलोमीटरची सगळी कमाई या एका किलोमीटरमध्ये गेली, आणि अजून सात उरलेत. याउलट पहिल्या तासापासून दर पाण्याच्या टेबलापाशी ठरवून अर्धा मिनिट चालणाऱ्याचं एकूण नुकसान दोन-तीन मिनिटांचं असतं. तो पस्तिसाव्या किलोमीटरला तुम्हाला मागे टाकून जातो, आणि बहुतेक वेळा गप्पा मारत जातो.